गोलच्या मागची जागा

‘पप्पा, हात वर करा,’ पराग म्हणाला, आणि ह्यांनी खरंच दोन्ही हात वर केले. पोलिसांनी पकडलेल्या माणसासारखे, अगदी सरळ. गाड्या लावायच्या त्या अफाट मैदानात, उणे चौदा अंशांत, परागनं ह्यांच्या जाड जाकिटावरून लाल जर्सी ओढून खाली आणली. गळ्यातून डोकं बाहेर यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा ह्यांनी आधी मला शोधलं, मी आहे अशी खात्री केली, आणि मग हसले.

‘एकतीस नंबर,’ पराग म्हणाला. ‘इथल्या गोलकीपरचा. गोलकीपरला गोलकीपरचाच नंबर पाहिजे. काय पप्पा?’

‘मग!’ हे म्हणाले.

‘मग’, ‘बघू’ आणि ‘असं म्हणतोस?’ एवढ्या भांडवलावर ह्यांनी पोराच्या घरी सहा आठवडे काढले होते. उरलेलं मी सांभाळत होते. बाथरूम कुठलं, आज वार कोणता, परागच्या कंपनीचं नाव काय, हे सगळं मी प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत सांगून मोकळी व्हायचे. पराग म्हणायचा, ‘आई, तू पप्पांना बोलूच देत नाहीस.’ मी म्हणायचे, ‘तीस वर्षं त्यांनी मला कुठं बोलू दिलं?’ तो हसायचा. विषय संपायचा.

दिवाळीच्या आधी जळगावच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. एवढ्या लवकर, सत्तावन्नाव्या वर्षी, माणसाची आठवण सहसा जात नाही म्हणाले. ह्यांची जात होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ह्यांनी माझा हात धरला. लग्नानंतर रस्त्यात हात धरायची ती पहिलीच वेळ. ‘पराग्याला सांगायचं नाही,’ म्हणाले. ‘नवीन नोकरी आहे त्याची. तो सगळं टाकून येईल इकडं. शपथ घे.’ मी घेतली. ‘आणि त्याच्यापुढं मी आहे तसाच राहू दे मला.’ त्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला ठाऊक होता, पण त्याबद्दल आम्ही कधीच बोलत नसू.

तर अमेरिकेच्या अगदी उत्तरेला, कॅनडाच्या कुंपणाला लागून असलेल्या त्या शहरात आम्ही बर्फावरची हॉकी बघायला आलो होतो. एरवी हा खेळ बंद छपराखाली चालतो. वर्षातून एखादा सामना मात्र हौसेनं उघड्यावर घेतात. बेसबॉलच्या भल्यामोठ्या मैदानात मधोमध बर्फ तयार करतात आणि भोवती चाळीस हजार माणसं कुडकुडत बसतात. परागनं चार महिने आधी तिकिटं काढली होती. पप्पांनी भुसावळला रेल्वेकडून हॉकी खेळली, गवतावरची, म्हणून. त्याच्या घरात भिंतीवर एकच फोटो होता. रेल्वेच्या भुसावळ विभागाचा संघ, चषक, आणि मागच्या रांगेत पायांना जाड पॅड बांधलेले, मिशीवाले प्रल्हाद वारके. येईल त्याला पराग तो फोटो दाखवायचा.

आणि मी? मी दहावी पास. बाकी जे काही येतं ते ऐकून, वाचून, नजरेनं उचललेलं. सहा आठवडे घराबाहेर पडता येत नव्हतं, मग मी टीव्हीसमोर वही घेऊन बसले आणि हा खेळ शिकले. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. रबराची काळी चकती. निळी रेघ. नियमभंग केला की दोन मिनिटं पिंजऱ्यात बसायचं. ही शिक्षा मला फार आवडली. आमच्या कुटुंबातल्या काही लोकांसाठी मी ती मनातल्या मनात अनेकदा वापरली.

आमच्या जागा बाजूला, बऱ्याच वर होत्या. एवढ्या मोठ्या मैदानात ते बर्फ परातीत ठेवलेल्या वाटीएवढं दिसत होतं. टीव्हीवर चकती दिसते, इथं ती दिसतच नव्हती. चाळीस हजार डोकी जिकडं वळतील तिकडं ती असायची. काठीचा फटका आधी दिसायचा आणि आवाज मागून यायचा. सगळ्यांच्या हातात जाड मोजे, त्यामुळे टाळ्यांचा आवाज उशा झोडपल्यासारखा. आणि पात्यांचा तो आवाज, कुणीतरी मोठ्या कात्रीनं कापड फाडतंय असा. मी एकदम सुखी झाले. खोटं कशाला बोलू? त्या पहिल्या वीस मिनिटांत मी सगळं विसरले होते.

‘ऑफसाइड!’ मी ओरडले. मग शिट्टी वाजली. पुढच्या रांगेतल्या दाढीवाल्यानं वळून बघितलं आणि मला टोपी काढून दाखवली.

‘आई, तू इथंच राहा,’ पराग म्हणाला. ‘नोकरी लागेल तुला.’

‘पिंजऱ्याच्या दारावर बसवतील तर राहते.’

हे मात्र खेळ बघत नव्हते. चकती कुठंही असो, ह्यांची नजर डावीकडच्या गोलवर. तिथं लाल संघाचा एकतीस नंबर उभा होता. थंडी म्हणून त्यानं लोखंडी मुखवट्यावरून गोंड्याची लोकरी टोपी चढवली होती.

‘पट्टा सैल आहे त्याचा,’ हे म्हणाले. ‘डाव्या पायाचा.’

‘बघ, नजर बघ!’ परागला केवढा आनंद झाला. ‘इतक्या लांबून पप्पांना दिसतं!’

पहिला डाव संपला. भोंगा वाजला तसे हे उठले. थर्मासची निळी पिशवी खांद्याला अडकवली.

‘जाऊन येतो.’

‘पिशवी कशाला?’ मी म्हटलं.

‘असू दे.’

मी उठायला लागले. सवयच होती. पुरुषांच्या दाराबाहेर मी सहा आठवडे अनेक ठिकाणी उभी राहिले होते, भिंतीवरच्या जाहिराती वाचत. पराग हसला. ‘आई! संडासलासुद्धा सोबत? लहान आहेत का ते?’

‘नाही रे,’ मी म्हटलं. आणि खाली बसले.

तेवढंच. मी खाली बसले.

विश्रांती संपली. दुसरा डाव सुरू झाला. मी म्हटलं, ‘रांग असेल.’ पाच मिनिटांनी म्हटलं, ‘मलाही जाऊन यायला हवं.’ पराग बर्फाकडं बघत ‘हं’ म्हणाला.

बाहेर मैदानाला वेढा घालणारा रुंद रस्ता होता, वरून छप्पर, एका बाजूला खाण्याच्या टपऱ्या. मी पहिल्या संडासाबाहेर थांबले. दुसऱ्या. तिसऱ्या. चौथ्याच्या दारात जाऊन ‘अहो!’ अशी हाक मारली. आतून चार-पाच गोरे चेहरे वळले आणि मी मागं सरले. पिवळं जाकीट घातलेली एक धिप्पाड बाई रस्त्यावर पहारा देत होती. मी माझं सगळं इंग्रजी गोळा केलं.

‘माझे मिस्टर हरवलेत.’

‘दिसायला कसे आहेत?’

‘लाल जर्सी. एकतीस नंबर.’

ती नुसती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत राहिली. मी वळले. रस्त्यानं एकतीस नंबर चालले होते. उंच, बुटके, जाडे, बायका, म्हातारे, खांद्यावर पोर घेतलेले. एका कुत्र्यालासुद्धा एकतीस नंबर घातला होता.

‘ह्यातले कुठले?’ तिनं विचारलं. थट्टा नव्हती तिच्या आवाजात.

‘माझे,’ मी म्हटलं. इंग्रजीत दुसरं काही सुचलंच नाही.

तेव्हाच मला चिठ्ठी आठवली. नाव, पत्ता, परागचा फोन असं सगळं लिहून मी ती ह्यांच्या तपकिरी स्वेटरला आतून शिवली होती, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून, धुतली तरी राहावी म्हणून. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं शिवताना. स्वेटर आता परागच्या घरी खुर्चीच्या पाठीवर होता. परागनं हौसेनं नवीन जाकीट आणलं होतं, त्यात स्वेटर मावत नव्हता.

मी परत गेले. जिना चढताना ठरवत होते, काय सांगू? भेटवस्तूंच्या दुकानात असतील. ओळखीचं कुणी भेटलं असेल. भुसावळचं, उणे चौदामध्ये! परागनं मान वर केली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, त्यानं हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

‘पप्पा कुठं आहेत?’

‘सापडत नाहीयेत.’

‘म्हणजे? फोन?’

‘फोन माझ्याकडंच असतो.’

‘तुझ्याकडं का?’

मी सांगितलं. पुढच्या बाकाच्या पाठीला धरून, उभ्यानं, चार वाक्यांत. नेमकं तेव्हा खाली कुणीतरी गोल केला आणि चाळीस हजार माणसं उठून ओरडायला लागली. परागला शेवटचं वाक्य ऐकू गेलं नाही. मला ते परत म्हणावं लागलं. ओरडून.

‘आई, कधीपासून?’

‘दिवाळीच्या आधीपासून.’

‘आणि तू त्यांना एकटं जाऊ दिलंस?’

तो उठला, माझ्याकडं न बघता जिना उतरायला लागला. ‘लहान आहेत का ते’ हे कोण म्हणालं होतं, त्याची मी त्याला आठवण करून दिली नाही. त्याचं त्याला आठवलं असणार. अर्ध्या जिन्यात थांबून त्यानं मागं हात केला. मी धरला.

खाली चौकशीची खिडकी होती. आतला माणूस भराभर लिहून घेत होता. वय. उंची. भाषा.

‘स्वतःचं नाव सांगू शकतात का?’

परागनं माझ्याकडं पाहिलं.

‘सकाळी सांगत होते,’ मी म्हटलं.

‘आणखी काही खूण? हातात काही?’

‘खांद्यावर पिशवी,’ मी म्हटलं. ‘निळी. तिच्यात पाणी…’ आणि थांबले. पाणी नव्हतंच तिच्यात, चहा होता. पाणी का म्हणाले मी?

तेवढ्यात दुसरा डाव संपल्याचा भोंगा झाला. खिडकीशेजारच्या मोकळ्या जागेतून बर्फ दिसत होतं. एकतीस नंबर गोल सोडून निघाला. टोपीचा गोंडा हलत होता. तिसऱ्या डावात तो परत डाव्या टोकाला उभा राहणार होता.

मला भुसावळचं मैदान दिसलं. माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते. सासूबाईंची नजर चुकवून मी शेजारणीबरोबर सामना बघायला गेले होते, नवीन साडी नेसून. हे एका टोकाला गोलच्या मागं मांडी घालून बसलेले. मध्यंतर झालं, संघांनी बाजू बदलल्या. हे उठले, खांद्याला पिशवी लावली आणि मैदानाच्या कडेकडेनं थेट मी बसले होते तिकडं चालत आले. मला वाटलं, मला बघितलं. माझ्यासाठी येतायत. मी पदर सावरून उभीच राहिले. आणि हे माझ्या समोरून, हातभर अंतरावरून, सरळ निघून गेले. दुसऱ्या टोकाला, गोलच्या मागं जाऊन बसले. शेजारीण घरी पोहोचेपर्यंत हसत होती.

‘पराग,’ मी म्हटलं, ‘शोधू नकोस त्यांना.’

‘काय?’

‘ते येतील. डावीकडच्या गोलच्या मागं. चल.’

‘आई, काय बोलतेस तू?’

‘गोलकीपर आता तिकडं चाललाय ना? मग तेही तिकडंच येतील. अर्धा वेढा घालून. चल म्हणते ना!’

डाव्या टोकाला, गोलच्या मागच्या रांगा संपतात तिथं एक कठडा होता आणि उभं राहायला जागा. आम्ही जाऊन थांबलो. बर्फ पडायला लागलं होतं, पिठाच्या चाळणीतून पडावं तसं बारीक. परागनं तीनदा विचारलं, ‘पण तुला कसं माहीत?’ मी तीनदा रस्त्याकडं बोट दाखवलं. एकतीस नंबर जात होते, येत होते. प्रत्येक वेळी परागची मान उंच व्हायची आणि खाली यायची. माझ्या पायांची बोटं होती की गेली, कळत नव्हतं. मी चुकले असेन तर? बाहेर पडले असतील तर? बाहेर नदी होती, गोठलेली.

तिसरा डाव सुरू झाला. लोक जागांवर परतले, रस्ता मोकळा झाला. आणि त्या मोकळ्या रस्त्यानं हे आले. सावकाश, खांद्यावरची पिशवी सांभाळत, कामावर येणाऱ्या माणसासारखे. भुवयांवर बर्फ होतं. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कठड्याशी गेले, पिशवी पायाशी ठेवली आणि गोलकीपरच्या पाठीकडं बघत उभे राहिले.

‘पप्पा!’ परागनं खांद्याला हात लावला. ‘पप्पा, चला, घरी जाऊ.’

ह्यांनी त्याच्याकडं पाहिलं. राग नाही, घाबरणं नाही. नवख्या माणसाकडं बघावं तसं.

‘असं कसं? सामना चाललाय. जागा सोडता येत नाही.’ मग जरा सरकून त्याला जागा करून दिली. ‘नवीन का रे तू, भो?’

मी परागकडं पाहिलं नाही. माझ्याच्यानं झालं नाही.

‘हो,’ पराग म्हणाला. ‘नवीनच आहे.’

‘उभा राहा. काम सोपं आहे. फ्रान्सिसला पाणी द्यायचं, पट्टे बघायचे. डावीकडून कुणी आलं की ओरडायचं.’

‘आणि तुम्ही… तुम्ही कधी खेळता?’

‘मी?’ हे हसले. ‘मी राखीव. अकरा वर्षं झाली. फ्रान्सिस कधी आजारी पडत नाही.’

खाली निळ्या संघाचे तिघं अंगावर धावून आले. एकतीस नंबर गुडघ्यावर पडला, चकती त्याच्या पॅडला लागून उडाली. हे कठड्यावरून वाकून ओरडले, ‘शाबास फ्रान्सिस! खांब सोडू नको!’ पुढच्या रांगेतले दोघं वळले. त्यांना काय कळणार? पण त्यांनीही मुठी उंचावल्या.

‘तो मागं बघत नाही,’ हे परागला सांगत होते. ‘वेळच नसतो त्याला. पण आपण नसलो की त्याला बरोबर कळतं.’

पराग माझ्याजवळ आला. ‘आई, तो फोटो?’

‘फ्रान्सिसनं त्या दिवशी स्वतःचे पॅड ह्यांच्या पायांना बांधले. म्हणाला, मी नेहमीच घालतो, फोटोत तू घाल. तू चार वर्षांचा असताना तो फोटो बघून विचारलंस, पप्पा, हे तुम्ही? हे हो म्हणाले. तू विचारलंस, गोल अडवलेत? मग…’

‘मग,’ पराग म्हणाला.

डाव निम्मा झाला आणि अचानक शिट्टी वाजली. खेळाडू टोकं बदलायला लागले. उघड्यावर खेळताना शेवटच्या डावात मध्येच बाजू बदलतात. वारा आणि ऊन दोन्ही संघांना सारखं वाटून द्यायचं असतं. माझ्या वहीत हा नियम नव्हता. ह्यांना मात्र तो कुणी सांगावा लागला नाही. खाली वाकले, पिशवी उचलली.

परागनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. ‘मी घेतो. शिकतोय ना!’

‘असं म्हणतोस?’ हे म्हणाले, आणि निघाले.

तो सगळा वेढा आम्ही चाललो. हे पुढं, एकतीस नंबर पाठीवर, बाजूला पराग, दोन पावलं मागं मी. पिवळ्या जाकिटातली ती बाई वाटेत भेटली. तिनं मला बघितलं, मग ह्यांना बघितलं, आणि छातीवर हात ठेवला. मी मान हलवली.

अर्ध्या रस्त्यात हे थांबले. परागच्या कानाजवळ जाऊन, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, ‘भो, एक ऐक. घरी माझा मुलगा आहे. लहान आहे. त्याला वाटतं मीच खेळतो. कधी भेटला तर सांगू नको त्याला.’

बर्फ छपराच्या कडेवरून आत येत होतं. मैदानातून मोठा आरडाओरडा उठला. कुणाचा गोल झाला ते आम्हाला कळलं नाही.

‘नाही सांगणार,’ पराग म्हणाला.

‘शपथ?’

‘शपथ.’

मार्चमध्ये पराग आमच्याबरोबर भुसावळला परत आला. ह्यांना जे नको होतं तेच झालं, पण तोवर ते नको होतं हे त्यांना आठवत नव्हतं. हे गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मागच्या रविवारी गॅस जोडायला आलेला माणूस भिंतीवरच्या फोटोपुढं उभा राहिला आणि म्हणाला, ‘हे पॅडवाले कोण, साहेब?’

मी स्वयंपाकघरात होते. हातातलं भांडं तसंच धरून थांबले.

‘माझे वडील,’ पराग म्हणाला. ‘गोलकीपर होते.’